कवळी आणि दोन जबड्यांची भेट

कवळी लावणाऱ्या माणसांच्या बाबतीत एक गमतीशीर आणि तितकीच खेदाची गोष्ट पुष्कळ घरांत दिसते. लग्नकार्यात, फोटो काढताना, पाहुणे आले की कवळी तोंडात असते. आणि ताट पुढे आले की ती हळूच काढून रुमालात किंवा वाटीत जाते. फराळातली चकली राहिली बाजूला, साधी पोळीसुद्धा हिरड्यांनी चावायची. म्हणजे जे साधन खाण्यासाठी केले, ते खाताना काढून ठेवायचे! ‘कवळी बसत नाही’ किंवा ‘सवय होत नाही’ एवढ्या दोन वाक्यांत आपण हा विषय मिटवतो.

कवळी न बसण्याची कारणे अनेक असतात. हिरड्यांखालचे हाड झिजलेले असते, लाळ कमी झालेली असते, माप नीट आलेले नसते. पण या सगळ्यांत एक कारण असे आहे की ज्याची सामान्य माणसाला जवळजवळ माहितीच नसते. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांना नेमके कुठे आणि किती अंतरावर भेटतात, याची नोंद कवळी करताना घ्यावी लागते. दंतवैद्य तिला ‘जॉ रिलेशन’ म्हणतात. आपण तिला जबड्यांच्या संबंधाची नोंद म्हणू. ही नोंद चुकली तर उत्तम मापावर, उत्तम दात लावून केलेली कवळीसुद्धा डब्यात जाऊन पडते.

मी दंतवैद्य नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि नोकरी हिशेबाची. रोजच्या वापरातल्या वस्तूंमागची तंत्रे समजून घ्यायची, जुनी पाठ्यपुस्तके मिळवून वाचायची आणि कारागिरांशेजारी बसून टिपणे काढायची, हा छंद मात्र जुना. कवळीकडे वळलो तो वडिलांमुळे. त्यांच्या दोन कवळ्या डब्यात पडून होत्या. ज्या दवाखान्यांतून त्या करून घेतल्या, तिथे मेण तोंडात घालून ‘चावा’ एवढेच त्यांना सांगितले गेले होते आणि तक्रार नेली तेव्हा ‘सवय होईल’ असे उत्तर मिळाले होते. त्या ‘चावा’ या एका शब्दात काय काय दडलेले असते, ते या लेखात सांगायचे आहे.

दात गेले की काय काय जाते?

कानाच्या भोकाच्या किंचित पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली एक टणक गोलसर टोक हलताना जाणवेल. ते खालच्या जबड्याचे टोक. असे एक उजवीकडे आणि एक डावीकडे, कवटीच्या खोबणीत बसलेले असते. हा सांधा साध्या बिजागरीसारखा फिरतो, शिवाय पुढे सरकतोही. तोंड जास्त उघडले की बोटाखालचे टोक पुढे गेल्याचे कळते. स्वीडनच्या उल्फ पॉसेल्ट यांनी १९५२ साली जबड्याच्या हालचालींचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. जबडा मागच्या स्थितीत ठेवून उघडला, तर सुरुवातीचे सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर तो निव्वळ बिजागरीसारखा फिरतो, असे त्यांना आढळले.

इतक्या मोकळ्या सांध्याला ‘इथे थांब’ असे सांगण्याचे काम दात करतात. तोंड मिटताना दातांचे उंचवटे समोरच्या दातांच्या खळग्यांत बसतात आणि उंची किती, पुढे-मागे किती, डावी-उजवीकडे किती, हे तिन्ही प्रश्न आपोआप सुटतात. दातांच्या मुळांभोवतीचे तंतू इतके संवेदनशील असतात की दोन दातांमध्ये केसापेक्षा बारीक कण आला तरी कळतो. भातातला खडा आपल्याला लगेच जाणवतो तो त्यामुळेच.

सगळे दात गेले की ही खूण पुसली जाते. वरच्या हिरडीचे माप घेता येते, खालच्या हिरडीचेही घेता येते. त्यांवरून प्लॅस्टरचे दोन साचे होतात. पण हे दोन साचे टेबलावर ठेवले, तर ते एकमेकांवर कसे ठेवायचे, हे साचे सांगू शकत नाहीत. थोडे उंच ठेवा, थोडे पुढे सरकवा, तिरके करा, ते तक्रार करणार नाहीत. तक्रार करील तो माणूस, आणि तीही कवळी तयार झाल्यावर.

स्प्रिंगांचा जमाना

हा प्रश्न जुन्या काळी कसा सोडवत? खरे तर सोडवतच नसत. आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानले जाणारे फ्रान्सचे पिएर फोशार यांनी १७२८ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यात वरची कवळी जागेवर राहावी म्हणून पोलादी स्प्रिंगा वापरल्याचे वर्णन आहे. स्प्रिंग दोन्ही कवळ्यांना सतत एकमेकींपासून दूर ढकलते. म्हणजे तोंड नुसते मिटून ठेवायलाही माणसाला जोर लावावा लागे.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी हा त्रास आयुष्यभर सोसला. १७८९ साली अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या लाकडाच्या होत्या, ही दंतकथा. प्रत्यक्षात शिसे, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, माणसांचे आणि जनावरांचे दात असा सगळा मालमसाला त्यात असे. त्यांची एक स्प्रिंगवाली कवळी माउंट व्हर्नन येथे आजही जपून ठेवली आहे. आपल्या दंतवैद्याला, जॉन ग्रीनवूड यांना लिहिलेल्या पत्रांत, कवळीमुळे ओठ बाहेर ढकलले जातात अशी वॉशिंग्टन यांची तक्रार आहे. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाचीही तक्रार आपल्या आजोबांसारखीच होती.

प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याचे दंतवैद्य फिलिप फाफ यांनी १७५६ साली मेणात माप घेऊन प्लॅस्टरचा साचा ओतण्याची रीत लिहून ठेवली. मऊ मेण दोन्ही जबड्यांमध्ये दाबून त्यांच्या संबंधाचा ठसा घेण्याची कल्पनाही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कडक रबर, म्हणजे व्हल्कनाइट, आले. हस्तिदंत कोरण्याऐवजी साच्यावर हुबेहूब बसेल असा पाया घडवता येऊ लागला. कवळी हिरडीला चिकटून राहू लागली आणि स्प्रिंगांची गरज हळूहळू संपली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आजचे गुलाबी ॲक्रिलिक आले. कवळी हिरडीवर बसण्याचा प्रश्न बराच सुटला. वरच्या कवळीने खालच्या कवळीवर कसे बसायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक माणसागणिक नव्याने सोडवावा लागतो.

मेणाचा कठडा

हिरडीच्या साच्यावर आधी एक तात्पुरता पाया करतात. पूर्वी तो सर्रास लाखेचा असे. भारतातल्या जंगलांत कुसुम, पळस, बोरीच्या झाडांवर किडे जी लाख तयार करतात, तिचेच शुद्ध रूप म्हणजे शेलॅक. त्याच्या पातळ तबकड्या गरम करून साच्यावर बसवत. आता ॲक्रिलिकचा पायाही करतात, कारण शेलॅक उष्णतेने वाकते. या पायावर दातांच्या जागी मेणाचा कठडा उभारतात. न आलेल्या दातांची जागा धरून ठेवायची, हे या कठड्याचे काम.

आधी वरचा कठडा तोंडात घालून तासतात. ओठाला किती आधार हवा, ओठाखाली मेण किती दिसावे, हे पाहतात. साधारण एक-दोन मिलिमीटर दिसले तर चेहरा नैसर्गिक वाटतो. वय वाढले की ओठ ढिला पडतो आणि कमी दिसले तरी चालते. समोरून पाहता कठड्याची कड दोन्ही बाहुल्यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर हवी. बाजूने पाहता ती नाकपुडीपासून कानाच्या पाळीसमोरच्या उंचवट्यापर्यंतच्या रेषेला समांतर हवी. ही दुसरी रेषा अठराव्या शतकातले डच शरीरशास्त्रज्ञ पेत्रुस कांपर यांच्या नावाने ओळखली जाते.

उंची किती?

यानंतर येतो सगळ्यांत नाजूक प्रश्न. तोंड मिटल्यावर नाक आणि हनुवटी यांच्यात किती अंतर असावे?

एक प्रयोग करा. ताठ बसा, खांदे सैल सोडा, ओठ ओले करून ‘मामा’ म्हणा आणि तसेच थांबा. ओठ मिटलेले आहेत, पण दात एकमेकांना टेकलेले नाहीत. जबडा स्नायूंच्या आधाराने विसावला आहे. या स्थितीत वरच्या-खालच्या दातांमध्ये साधारण दोन ते चार मिलिमीटर फट असते. दात नसलेल्या माणसाचा जबडाही असा विसावतो. मग नाकाच्या शेंड्यावर एक आणि हनुवटीवर एक ठिपका काढून विसाव्याचे अंतर मोजायचे, त्यातून ही फट वजा करायची. जी उरेल ती कवळीची उंची. अमेरिकेत नायस्वाँगर यांनी १९३४ साली ही रीत मांडली.

हे ऐकायला सोपे वाटते. थॉम्पसन आणि ब्रॉडी यांनी १९४२ साली जबड्याचा विसावा आयुष्यभर सारखाच राहतो असे प्रतिपादन केले, तेव्हा तर ते फारच सोपे वाटू लागले. पण १९५६ मध्ये ॲटवुड यांनी क्ष-किरण चित्रांवरून दाखवले की विसावा त्याच माणसात, एकाच बैठकीतही, थोडाफार बदलतो. माणूस घाबरलेला असेल, मान मागे टाकून बसला असेल, थकला असेल, तर आकडा वेगळा येतो. म्हणून एकदाच मोजून भागत नाही.

चूक झाली तर काय होते? उंची जास्त झाली तर बोलताना दात एकमेकांवर आपटून टकटक आवाज होतो, ओठ सहज मिटत नाहीत, जबड्याचे स्नायू विसावतच नाहीत आणि हिरड्यांवर दिवसभर दाब राहून त्या सोलवटतात. उंची कमी झाली तर हनुवटी नाकाकडे सरकते, चेहरा म्हातारा दिसतो, गाल चावला जातो, ओठांच्या कोपऱ्यात लाळ साचून चिघळते आणि चावण्यातला जोर जातो. कवळीने मिळणारा जोर आधीच खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. त्यातलाही गेला तर उरते काय?

एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट

मोजमापावर पूर्ण विसंबता येत नाही, म्हणून बोलण्याची मदत घेतात. १९५३ साली सिल्व्हरमन यांनी असे मांडले की ‘स’सारखे उच्चार करताना वरचे-खालचे दात एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात, पण टेकत नाहीत. कवळीची उंची तपासायला हा चांगला निकष आहे. ‘स’ म्हणताना दात टेकले तर उंची जास्त, फार फट राहिली तर बहुधा कमी. इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णाला साठ ते सत्तर आकडे मोजायला सांगण्याची पद्धत त्यामुळेच आहे.

आपल्याकडे हे आकडे मराठीत मोजायला सांगावेत, असे मला वाटते. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट... प्रत्येक शब्दात ‘स’ आणि ‘ष’ लागोपाठ येतात. शिवाय मराठीजवळ आणखी एक देणगी आहे. आपला ‘च’ दोन प्रकारचा. ‘चिमणी’तला टाळूवरचा आणि ‘चाक’, ‘चूल’, ‘चमचा’ यांतला दातांजवळचा. ‘जीभ’ आणि ‘जहाज’ यांतल्या ‘ज’चेही तसेच. जिभेचे टोक दातांमागे नेऊन करायचा हा उच्चार इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांतल्या यादीत तो सापडत नाही. मराठी माणसाला कवळी लावून आयुष्यभर ‘चाक’ आणि ‘जहाज’ म्हणायचे आहे. तर परीक्षाही त्याच शब्दांनी घ्यावी. ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलके स्पर्श करते. समोरचे दात फार लांब किंवा फार पुढे लागले असतील तर ‘वाटी’ म्हणतानाच ते उघड होते.

पुढे की मागे?

उंची ठरली तरी जबडा पुढे-मागे कुठे धरायचा, हे उरतेच. ‘चावा’ या आज्ञेची खरी अडचण इथे आहे.

दात गेल्यावर महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, माणूस हिरड्यांनी खातो. त्यासाठी तो नकळत खालचा जबडा पुढे काढतो. स्नायूंना तीच सवय लागते. अशा माणसाच्या तोंडात मऊ मेण घालून ‘चावा’ म्हटले की तो इमानदारीने आपल्या सवयीच्या जागी चावतो, म्हणजे खऱ्या जागेच्या पुढे. त्याच नोंदीवर दात लावले जातात. नंतर आवंढा गिळताना, घास चावताना जबडा मागे जातो आणि कवळीचे उंचवटे खळग्यांत न बसता चुकीच्या उतारावर पडतात. वरची कवळी पुढे ढकलली जाते, खालची उचलली जाते. माणूस म्हणतो, कवळी बसत नाही. हिरडीवर ती नीटच बसलेली असते. बसत नसतात ते तिचे दात दातांवर.

म्हणून जी स्थिती दातांवर किंवा सवयीवर अवलंबून नाही, सांध्यावर अवलंबून आहे, आणि जिथे जबडा पुन्हापुन्हा परत आणता येतो, तीच नोंदवायची. तिला सेंट्रिक रिलेशन म्हणतात. ती नेमकी कोणती, यावर तज्ज्ञांनी बरीच वर्षे वाद घातला. १९५६ साली निघालेल्या पहिल्या अमेरिकी परिभाषाकोशात ती ताण न देता जबडा सर्वांत मागे असण्याची स्थिती होती. १९८७ च्या आवृत्तीत सांध्याचे टोक खोबणीत वर आणि पुढच्या बाजूला टेकलेले असण्याची स्थिती झाली. शब्द बदलले, पण गाभा तोच राहिला: ही जागा पुन्हापुन्हा तीच मिळाली पाहिजे.

ती मिळवायच्या युक्त्या साध्या आहेत. जिभेचे टोक टाळूवर जमेल तितके मागे न्या आणि तसेच ठेवून तोंड मिटा. जबडा आपोआप मागे येतो. वरच्या पायाच्या मागच्या काठाला मेणाची बारीक गोळी लावून ‘जिभेने ही शोधा आणि मिटा’ असेही सांगतात. आवंढा गिळायला लावतात. आधी काही मिनिटे तोंड उघडमीट करून स्नायू सैल करतात. हनुवटीला हात लावून ढकलणे मात्र टाळतात, कारण ढकलले की माणूस उलट जोर लावतो.

याहून नेमकी रीत झुरिकचे आल्फ्रेड गीझी यांनी १९१० च्या सुमारास रुळवली. एका पायावर छोटी पट्टी आणि दुसऱ्यावर टोकदार खिळा. जबडा पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे हलवला की खिळा पट्टीवर रेषा ओढतो आणि बाणाच्या टोकासारखी आकृती उमटते. मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या टोकदार कमानी आठवा. त्याच शैलीवरून या आकृतीला ‘गॉथिक आर्च’ म्हणतात. कमानीचे टोक म्हणजे हवी ती जागा. टोक बोथट किंवा दुहेरी आले तर माणूस अजून सैल झालेला नाही, हे कागदावर दिसावे तसे दिसते.

नोंद यंत्रावर जाते

ही नोंद प्लॅस्टरच्या साच्यांसह आर्टिक्युलेटर नावाच्या यंत्रावर चढवतात. ते यंत्र म्हणजे तोंडाबाहेरचा जबडा. यंत्र जितके चांगले तितके ते जबड्याच्या जास्त हालचालींची नक्कल करते. वरचा जबडा सांध्यापासून किती दूर आणि कोणत्या कलाने आहे, हे यंत्रावर नेण्यासाठी फेसबो नावाची कमानही वापरतात. अमेरिकेत स्नो यांनी १८९९ च्या सुमारास ती रूढ केली.

या सगळ्या उपकरणांची खरेच गरज आहे का, हा प्रश्न रास्त आहे. कॅनडातील संशोधकांनी २००५ साली एक तुलना प्रसिद्ध केली. एका गटाला फेसबोसह पारंपरिक पद्धतीने, तर दुसऱ्याला सोप्या पद्धतीने कवळ्या करून दिल्या. रुग्णांच्या समाधानात उल्लेखनीय फरक आढळला नाही. मला हा निष्कर्ष दिलासा देणारा वाटतो, कारण चांगली कवळी महागड्या उपकरणांवर अडून बसत नाही. पण त्यातून घाईला परवानगी मिळत नाही. सोप्या पद्धतीतही जबड्यांच्या संबंधाची नोंद घ्यावीच लागते. तिला लागतो तो वेळ, आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगण्याची तयारी.

ग्राहकाने काय पाहावे?

शिंपी जसा कच्ची शिलाई घालून कपडा अंगावर चढवून बघतो, तशी कवळीचीही ‘ट्रायल’ असते. दात तेव्हा मेणात बसवलेले असतात. चूक दुरुस्त करायची सर्वांत सोपी वेळ हीच. ॲक्रिलिकमध्ये पक्के झालेले दात हलत नाहीत. या भेटीला घरातल्या कोणाला तरी बरोबर न्यावे. आरशात नुसते दात पांढरे दिसतात का, हे पाहून परतू नये. ओठ सहज मिटतात का? स्वस्थ बसल्यावर दात सुटतात का? एकसष्ट ते सत्तर मोजताना टकटक होते का? जीभ मागे नेऊन तीन-चारदा मिटल्यावर दात प्रत्येक वेळी त्याच जागी टेकतात का? यांतले एकही जमत नसेल तर तिथेच सांगावे. नोंद पुन्हा घ्यायला सांगण्यात संकोच कसला? चांगला दंतवैद्य ती आपणहून पुन्हा घेतो.

आणि ही नोंद कायमची नसते. फिनलंडच्या आंत्ये टालग्रेन यांनी कवळी लावणाऱ्यांच्या जबड्यांचा पंचवीस वर्षांचा काळ व्यापणारा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. हाड झिजतच राहते, आणि खालचे हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजते, असे त्यांना दिसले. हाड झिजले की उंची उतरते, जबडा पुढे सरकतो आणि कधी काळी अचूक असलेली नोंद खोटी ठरते. त्यामुळे ‘वीस वर्षांपूर्वीची कवळी अजून तीच आहे’ हे अभिमानाने सांगण्यासारखे नाही. दर वर्षी ती एकदा दाखवून घ्यावी. आतून भर घालून किंवा नवी करून घेऊन ती पुन्हा जुळवावी लागते.

केंद्र सरकारच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठ नागरिकांना द्यायच्या साधनांच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही आहे. तिला त्या यादीत जागा मिळाली, हे फार चांगले झाले. पण काठी आणि कवळी यांत एक फरक आहे. काठी उंची पाहून हातात देता येते. कवळीसाठी माणसाला खुर्चीत बसवावे लागते, स्नायू सैल होईपर्यंत थांबावे लागते, त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलावे लागते आणि चार-पाच वेळा परत बोलवावे लागते. किती कवळ्या वाटल्या, हा आकडा कोणत्याही शिबिरात मोजता येतो. सहा महिन्यांनी त्यांतल्या किती तोंडात आहेत आणि किती डब्यात, हे मोजले तरच ही योजना ताटापर्यंत पोचली की नाही ते कळेल.

वडिलांची तिसरी कवळी एका वयस्कर दंतवैद्यांनी केली. नोंदीच्या दिवशी ते पाऊण तास वडिलांशी गावाकडच्या शेतीबद्दल बोलत होते. मेण हातात घेतले ते त्यानंतर. वडील त्या कवळीने ज्वारीची भाकरी खातात.